“बरंय ना आजी?” या प्रश्नाचं उत्तर नेहमी “बरंय” असंच येतं
(घरी उपचार घेणारे ज्येष्ठ आणि परिचारिकेचा संवाद)



आज जरा वेगळा विषय घेतला आहे. आपण नेहमी मुलांशी कसं बोलावं यावर लिहितो, वाचतो, प्रशिक्षणं करतो. पण आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी आज एखादी आजी किंवा आजोबा अंथरुणाला आहेत. ड्रेसिंगला, इंजेक्शनला, लघवीची नळी बदलायला घरी सिस्टर येतात. त्या काय बोलतात, कसं बोलतात, यावर त्या माणसाचा पुढचा आठवडा अवलंबून असतो. हे मला पुस्तकातून कळलं नाही, घरात घडलं तेव्हा कळलं. म्हणून आधी अनुभव सांगते, मग मुद्दे, आणि शेवटी वर्गात घेण्यासारखा एक उपक्रम.

१. आमच्या घरची गोष्ट

माझ्या सासूबाई ७४ वर्षांच्या. साखरेचा आजार जुना. गेल्या वर्षी उजव्या पायाच्या तळव्याला जखम झाली, चिघळली, दहा दिवस दवाखान्यात काढले. घरी सोडताना डॉक्टरांनी सांगितलं, एक दिवसाआड ड्रेसिंग आणि रोज दोन वेळा इन्सुलिन. ड्रेसिंगला दवाखान्यातून एक सिस्टर येऊ लागल्या. हात चांगला होता त्यांचा, काम स्वच्छ. पण दिवसाला सात-आठ घरं करायची असायची, त्यामुळे घाई. दारातूनच मोठ्यानं हाक, “काय आजी, बरंय ना?” आई म्हणायच्या, “बरंय.” “दुखत नाही ना?” “नाही.” “जेवताय ना वेळेवर?” आता याचं उत्तर स्वयंपाकघरातून मीच द्यायची, “हो हो, जेवतात.” पंधरा-वीस मिनिटांत सिस्टर गेलेल्या असायच्या. तीन आठवडे असंच चाललं. वहीत प्रत्येक भेटीपुढे “बरे आहे” अशी नोंद.

मग संकष्टी आली. सकाळी साडेसातला आमच्या मिस्टरांनी नेहमीप्रमाणे इन्सुलिन दिलं, पुढ्यात पोह्यांची डिश ठेवली आणि आम्ही दोघं आपापल्या कामाला गेलो. संध्याकाळी साडेपाचला मी शाळेतून आले तर आई पलंगावर घामानं भिजलेल्या. हात थरथरत होते, आणि मला माझ्या नणंदेच्या नावानं हाक मारत होत्या. मशीनवर साखर ५२. गिळता येत होतं म्हणून पाण्यात तीन चमचे साखर कालवून हळूहळू पाजली, डॉक्टरांना फोन लावला, पंधरा मिनिटांनी परत तपासलं. साखर वर आली, आई सावरल्या. पोहे झाकून ओट्यावर तसेच होते. आईंचा उपवास होता, आणि ते त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं.

मी चिडले. “आई, सांगायचं नाही का?” त्या भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या.

२. दुसऱ्या सिस्टर

त्याच आठवड्यात पहिल्या सिस्टर रजेवर गेल्या आणि बदली सिस्टर आल्या. वयानं माझ्यापेक्षा लहानच. त्यांनी आधी चपला काढल्या, हात धुतले आणि स्टूल ओढून आईंच्या समोर बसल्या. बॅग अजून उघडली नव्हती. म्हणाल्या, “मी नवीन सिस्टर. तुमच्या पायाचं ड्रेसिंग करायला आलेय. तुम्हाला काय म्हणून हाक मारू?”

आई जरा गोंधळल्या. मग म्हणाल्या, “गावात सगळी मला काकी म्हणतात.”

“बरं काकी. काल सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत काय काय खाल्लं, सांगा बघू मला.”

मी सवयीनं आतून बोलायला सुरुवात केली, “काल ना, सकाळी दोन चपात्या...” तेव्हा त्या हसून म्हणाल्या, “ताई, काकींना सांगू दे आधी. तुमचं मग विचारते.” मी वरमले. वर्गात एकाला प्रश्न विचारला की शेजारचा हुशार मुलगा उत्तर देतो, त्याला मी रोज हेच सांगते की!

आई बोलायला लागल्या. अडखळत, थांबत. सिस्टर मध्ये बोलल्या नाहीत. खाण्यावरून गोष्ट उपवासावर आली, उपवासावरून देवावर, आणि देवावरून जी खरी गोष्ट होती तिच्यावर. आमच्या आळीतल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांचा पाय साखरेमुळे कापावा लागला होता. आईंना वाटत होतं, आपण काही दुखतंय म्हटलं की आपल्यालाही दवाखान्यात नेतील आणि पाय कापतील. म्हणून “बरंय.” आणि पाय वाचावा म्हणून गणपतीला साकडं घातलेलं, त्याचा तो उपवास. “सून शाळेत जाते, पोरगा कर्ज काढून बसलाय, अजून काय त्यांच्या डोक्याला ताप,” हेही त्याच दिवशी ऐकलं. आठ वर्षं एका घरात राहून मला हे माहीत नव्हतं.

मग सिस्टरांनी विचारलं, “काकी, पाय बघू का? दोन्ही पाय बघते हं.” डाव्या टाचेला चपलेचा फोड आला होता. तीन आठवडे सगळे उजवा पाय पाहत होते. आईंना तो फोड दुखतच नव्हता, कारण जुन्या साखरेत पायाच्या नसा बधिर होतात. म्हणजे “दुखत नाही ना?” याचं “नाही” हे उत्तर खरंच होतं, पण त्या उत्तरातून काहीच कळत नव्हतं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना दाखवलं. वेळेवर सापडला म्हणून तो फोड औषधावर भरला. उजवी जखम भरायला मात्र चार महिने लागले.

पहिल्या सिस्टर वाईट होत्या असं मला अजिबात म्हणायचं नाही. त्यांच्या हाताला गुण होता. चूक प्रश्नात होती, आणि त्याहून जास्त, मध्ये मध्ये उत्तरं देणाऱ्या माझ्यात होती.

३. घर आणि दवाखाना यातला फरक

दवाखान्यात सिस्टर यजमान असतात, पेशंट पाहुणा. घरी हे उलटं होतं. पलंग त्यांचा, देव्हारा त्यांचा, उंबरा त्यांचा. म्हणून घरी जाणाऱ्या परिचारिकेने आत येऊ का, इथे बसू का, दिवा लावू का असं विचारणं हे नुसतं शिष्टाचार म्हणून नाही. ज्याला स्वतःच्या अंगावरची चादरही स्वतः ओढता येत नाही, त्याच्या हातात “हो” किंवा “नको” म्हणण्याचा अधिकार तेवढा उरलेला असतो. तो तरी त्याला मिळायला हवा.

दुसरी गोष्ट, घरी ऐकणारे अनेक असतात. सून, मुलगा, नातवंडं, शेजारीण. लघवी, शौच, पैसे, भीती हे विषय सगळ्यांसमोर निघत नाहीत. अनुभवी सिस्टर ड्रेसिंगच्या निमित्ताने दार लोटून घेतात आणि पाच मिनिटं एकट्याशी बोलतात. घरच्यांनी यात अपमान मानू नये.

फ्लॉरेन्स नाईटिंगेल यांचं ‘नोट्स ऑन नर्सिंग’ हे पुस्तक १८५९ सालचं. विशेष म्हणजे ते शिकाऊ परिचारिकांचं पाठ्यपुस्तक म्हणून लिहिलेलं नव्हतं, घरात आजाऱ्याची काळजी घेणाऱ्या सामान्य बायकांसाठी लिहिलं होतं. त्यात त्या सांगतात की आजाऱ्याला मान वळवावी लागणार नाही अशा जागी, त्याच्या नजरेसमोर बसून बोला. खोलीबाहेर कुजबुजू नका. आणि “काही नाही, बरे व्हाल” असा पोकळ धीर देत बसू नका, त्याने आजारी माणूस अधिकच एकटा पडतो. दीडशेहून जास्त वर्षं झाली, पण आमच्या घरी आम्ही या तिन्ही चुका करत होतो.

४. ऐकू येणं आणि दिसणं

वय वाढतं तसं कानाला आधी बारीक, उंच स्वर ऐकू येईनासे होतात. स, श, फ यांसारखे आवाज निसटतात. त्यामुळे आजोबा म्हणतात, “बोलतोयस ते ऐकू येतं, पण कळत नाही.” आपण मग ओरडतो. ओरडल्याने आवाज आणखी चिरका होतो, शब्द अस्पष्ट होतात, आणि ओरडणारा चेहरा रागावल्यासारखा दिसतो. उपाय साधे आहेत:

- समोर, सारख्या उंचीवर बसावे. उभ्याने, पाठीमागून, दुसऱ्या खोलीतून बोलू नये.
- टीव्ही, मिक्सर, पंख्याचा खडखडाट बंद करावा.
- आवाज थोडा खालच्या पट्टीत, सावकाश. एका वाक्यात एकच गोष्ट.
- कळलं नाही तर तेच वाक्य परत परत न म्हणता शब्द बदलून सांगावे.
- खिडकीकडे पाठ करून बसू नये. उजेड मागून आला की आपलं तोंड काळं दिसतं. मोतीबिंदू असेल तर अजूनच.
- चष्मा डोळ्यावर आहे का, कानाच्या मशीनचा सेल चालू आहे का, हे बोलण्याआधी बघावे.

५. लाडिक बोलणं

“आ करा बरं... शाब्बास!” “आता आपण गोळी घ्यायची हं.” “शहाणं बाळ ना तुम्ही?” हे आपण सगळे बोलतो, प्रेमानेच. पण ७४ वर्षांच्या बाईला “शाब्बास बाळ” म्हटलं की तिला काय वाटत असेल? जिने चार लेकरं वाढवली, शेती केली, दिराची लग्नं लावली, ती एका वाक्यात पहिलीच्या वर्गात जाऊन बसते.

इंग्रजीत याला ‘एल्डरस्पीक’ असं नाव आहे. अमेरिकेतल्या परिचर्या-संशोधक क्रिस्टीन विल्यम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वृद्धाश्रमांतल्या सेवेचं चित्रीकरण करून याचा अभ्यास केला, तो २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. स्मृतिभ्रंश झालेल्या ज्येष्ठांशी असं बाळबोध बोललं की ते हात झटकणं, ओरडणं, तोंड फिरवणं असा विरोध जास्त करतात, असं त्यात दिसलं. म्हणजे ज्यांना “काही कळत नाही” असं आपण समजतो, त्यांनाही सूर कळतो.

मराठीत तर आपल्याकडे “तुम्ही” आहे, नात्याची नावं आहेत. प्रश्न एवढाच की कोणतं नाव? काहींना “आजी” आवडतं, काहींना अजिबात नाही. निवृत्त शिक्षकाला “गुरुजी” म्हटलं की ते ताठ बसतात. म्हणून विचारून घ्यावे.

६. “कसंतरी होतंय” म्हणजे काय?

हा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. आपली म्हातारी माणसं पुस्तकी लक्षणं सांगत नाहीत. ती म्हणतात, “कसंतरी होतंय.” “जीव घाबरा होतोय.” “डोळ्यापुढं अंधारी येती.” “अंगात राम नाही.” “पायाला मुंग्या आल्यात.” यातल्या प्रत्येक शब्दामागे काहीतरी असतं. “कसंतरी होतंय” म्हणजे साखर उतरली असेल, छातीत दाब असेल, पोट साफ नसेल, किंवा नुसतंच एकटं वाटत असेल.

चांगली परिचारिका तो शब्द खोडत नाही, उलगडते. “कसंतरी म्हणजे कुठे? हात लावून दाखवा.” “कधीपासून? चहाच्या आधी का नंतर?” “उठल्यावर जास्त की पडल्यावर?” “असं आधी कधी झालं होतं?” वेळ विचारताना घड्याळापेक्षा चहा, जेवण, देवपूजा, मालिका यांची खूण जास्त कामाला येते. सिस्टर परगावच्या असतील आणि भाषा वेगळी असेल, तर घरच्यांनी हे चार-पाच शब्द समजावून द्यावेत. भाषांतर करताना मात्र आपल्या मनाचं घालू नये.

ज्यांना पक्षाघातानंतर बोलता येत नाही, त्यांना अनेकदा ऐकलेलं बरंचसं कळत असतं. त्यांना हो-नाहीत उत्तर देता येईल असे प्रश्न विचारावे, चित्रं दाखवावी आणि उत्तराला वेळ द्यावा. तिथे बंद प्रश्नच उपयोगी. आणि विसरभोळेपणा असलेल्यांना “ओळखलंत का मला?” अशी परीक्षा कधीच घेऊ नये. रोज नव्याने आपलं नाव सांगावे.

७. “समजलं का?” “होऽऽ!”

शिक्षकांना हे वेगळं सांगायला नको. आपण हातच्याची वजाबाकी शिकवून विचारतो, “समजलं का?” सगळा वर्ग एका सुरात, “होऽऽ!” वह्या तपासल्या की कळतं काय समजलं ते.

परिचर्येत यासाठी एक सोपी पद्धत वापरतात. सांगून झालं की समोरच्याला त्याच्या शब्दांत परत सांगायला लावायचं. पण परीक्षा घेतल्यासारखं नाही. आमच्या सिस्टरांचं वाक्य असं होतं, “काकी, मी नीट सांगितलं का ते मला बघायचंय. साखर उतरल्यासारखी वाटली तर तुम्ही काय काय कराल?” चुकलं तर चूक सांगणाऱ्याची. मी तर ही पद्धत दुसऱ्या दिवशीपासून वर्गात सुरू केली.

उपवासाचंही त्यांनी असंच केलं. “उपवास सोडा” असं म्हटलं नाही, देवाबद्दल एक शब्द काढला नाही. “पोट रिकामं ठेवून इन्सुलिन घेतलं तर काय होतं ते तुम्ही बघितलंय. डॉक्टरांना विचारू, तुमची संकष्टी कशी जमवायची.” डॉक्टरांनी त्या दिवसाचा डोस आणि खाण्याच्या वेळा ठरवून दिल्या. पण निर्णय आईंनीच घेतला, “आरती चंद्र बघूनच करीन, पण पोट रिकामं नाही ठेवायची.” स्वतः घेतलेला निर्णय होता, म्हणून तो आजही पाळला जातो.

८. थोडक्यात: असे नको, असे हवे

- “बरंय ना?” नको. “कालपासून काय फरक वाटतोय?” हवे.
- “दुखत नाही ना?” नको. “कुठे काही नवीन दिसतंय का? बघू का?” हवे.
- “औषधं चालू आहेत ना?” नको. “सकाळची औषधं कशी घेता, दाखवा बरं” हवे.
- “घाबरू नका, काही होत नाही” नको. “कशाची भीती वाटते?” हवे, आणि मग गप्प बसून ऐकावे.
- सुनेला “रात्री झोपतात का या?” नको. त्यांनाच “रात्री झोप कशी लागली?” हवे.

९. वर्गात घेण्याजोगा उपक्रम (इयत्ता ३ री ते ५ वी)

२०११ च्या जनगणनेत आपल्या देशात साठी ओलांडलेले दहा कोटींहून जास्त लोक होते, आणि ही संख्या वाढतेच आहे. आपली मुलं मोठी होतील तेव्हा जवळजवळ प्रत्येक घरात एक ज्येष्ठ असेल. म्हणून परिसर अभ्यासात ‘आपले कुटुंब’ शिकवताना हा एक तास घ्यावा. १ ऑक्टोबर हा जागतिक ज्येष्ठ नागरिक दिन, किंवा जूनमध्ये शाळा उघडल्यावरही चालेल.

१) जोड्या कराव्यात. एकाने तळहात कानांवर घट्ट दाबावे. दुसऱ्याने आधी पाठमोरं, भरभर बोलावे. मग समोर बसून सावकाश. कधी कळलं, ते मुलांनीच सांगावे.

२) फळ्यावर पाच बंद प्रश्न लिहावेत (जेवलात का? बरं वाटतंय का?). मुलांनी ते ‘काय, कसं, कधी, कुठे’ वापरून बदलावेत.

३) घरचा अभ्यास: आजी-आजोबांना किंवा शेजारच्या ज्येष्ठांना त्यातला एक प्रश्न विचारावा आणि त्यांचं उत्तर त्यांच्याच शब्दांत वहीत लिहावं. मध्ये बोलायचं नाही, हा नियम.

माझ्या वर्गातल्या एका मुलाने लिहिलं होतं, “आजोबांना मी विचारले रात्री काय होते. ते म्हणाले अंधारात संडासला जायची भीती वाटते. पप्पांनी बल्ब लावला.” ते तीन ओळींचं उत्तर वाचून मी त्या दिवशीचा तास तिथेच थांबवला.

पालकांसाठी दोन शब्द

सिस्टर घरी आल्या की त्यांना पाणी द्या, बसायला स्टूल द्या, आणि मग आपण गप्प राहा. आपल्या माणसाला बोलू द्या. आपल्याला जे सांगायचंय ते एका वहीत लिहून ठेवा: साखर, बीपी, खाणं, शौच, झोप. बोलणं त्यांचं, वही आपली. ज्येष्ठांच्या अडचणींसाठी केंद्र सरकारची १४५६७ ही मोफत एल्डरलाइन आहे, तो नंबर फोनमध्ये ठेवा.

आमच्या आई आता काठी घेऊन अंगणात फिरतात. परवा मी शाळेतून आले आणि सवयीनं विचारलं, “बरंय ना आई?” त्या म्हणाल्या, “असं नाही. नीट विचार.” मग मी बाजूला बसले आणि नीट विचारलं. चहा गार झाला, पण दिवसभराचं सगळं कळलं.

तुमच्या घरचे, वर्गातले अनुभव असतील तर जरूर सांगा. उपक्रम घेतलात तर मुलांची उत्तरं कळवा.